विडंबनाच्या कपाळावर पाटी नको

बनावट बातम्यांचा सुळसुळाट झाल्यापासून एक मागणी सारखी कानावर येते. विडंबनाची पेजेस, नकली बातम्या, नकली परिपत्रकं या सगळ्यांवर 'हा निव्वळ विनोद आहे' असं ठळक अक्षरांत लिहिणं सक्तीचं करा. मागणी करणारी माणसं वाईट नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना भलतंच काहीतरी खरं मानताना त्यांनी पाहिलेलं असतं आणि ती काळजीपोटी बोलतात. तरीही मला ही मागणी साफ नामंजूर आहे. नेटवर जे विनोदी लेखन होतं त्यात हुबेहूब नक्कल करून केलेल्या विडंबनाला मी सगळ्यात वरचं स्थान देते, आणि ही पाटी लावली की नेमकं तेच मरतं.

एक खटला सांगते. फेसबुकवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असावा असं मला वाटतं.

अमेरिकेत ओहायो राज्यात पार्मा नावाचं शहर आहे. २०१६ च्या मार्चमध्ये तिथल्या एका रहिवाशाने शहर पोलिसांच्या फेसबुक पेजसारखंच दिसणारं दुसरं पेज काढलं. तेच नाव, तसाच फोटो, तीच कोरडी सरकारी भाषा. मजकूर मात्र असा की डोकं ठिकाणावर असलेला माणूस दुसऱ्या ओळीला थबकेल. नोकरभरतीच्या जाहिरातीत लिहिलं होतं की अल्पसंख्याकांनी अर्ज करू नयेत अशी खात्याची आग्रहाची सूचना आहे. कुणी खाली 'हे पेज खोटं आहे' असं लिहिलं की तो ती कॉमेंट पुसून टाकायचा. खऱ्या पोलिसांनी आपल्या पेजवर 'नकली पेजपासून सावध राहा' असा इशारा दिला, तर त्याने तोच इशारा शब्दशः उचलून आपल्या पेजवर चिकटवला. मला विचाराल तर संपूर्ण पेजवरचा सर्वांत अस्सल विनोद तो होता, कारण अधिकाराचा आवाज किती सहज उचलता येतो हे त्याने एका कृतीत दाखवलं.

पेज बारा तासांच्या आसपास चाललं. पोलिसांनी त्याला अटक केली, तो चार दिवस तुरुंगात राहिला. संगणकाचा वापर करून पोलिसांच्या कामात अडथळा आणल्याचा गंभीर गुन्हा त्याच्यावर लावला होता. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. मग त्याने शहरावर आणि पोलिसांवर दावा लावला, पण २०२२ मध्ये अपील न्यायालयाने पोलिसांना कायद्याचं संरक्षण आहे असं सांगून तो फेटाळला. कॉमेंट पुसणं आणि इशारा उचलणं, याच दोन गोष्टी तिथे त्याच्या विरोधात गेल्या.

तो सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा त्याच्या बाजूने 'द ऑनियन' उभं राहिलं. १९८८ साली विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात दोन विद्यार्थ्यांनी काढलेलं हे नकली वृत्तपत्र १९९६ पासून नेटवर आहे, आणि नेटवरच्या बातम्यांच्या विडंबनाची घडी बऱ्याच अंशी त्यानेच बसवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी न्यायालयात जे निवेदन दाखल केलं ते कायद्याच्या अभ्यासकांनी आणि विनोद लिहिणाऱ्यांनी सारख्याच आवडीने वाचलं. सुरुवातीलाच दावा आहे की आमचे रोजचे वाचक ४.३ ट्रिलियन आहेत आणि आमचं वृत्तपत्र १७५६ पासून चालू आहे. वाचणारा क्षणभर वकिली भाषेच्या ओघात जातो आणि मग जागा होतो. पुढे त्यांनी गंभीरपणे मांडलं की वाचकाने आधी खरं मानावं आणि मग स्वतःच्या बुद्धीने ओळखावं, या दोन क्षणांमधल्या अंतरातच विडंबनाचं सगळं बळ आहे. आधीच पाटी लावली तर ते अंतरच उरत नाही. न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रकरण ऐकायला नकार दिला, म्हणजे खटला तो माणूस हरलाच. पण युक्तिवाद हरला असं मी मानत नाही.

हे अमेरिकेचं झालं, आपलं काय, असं कुणी विचारेल. आपलं तर त्याहून कितीतरी जुनं आहे. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली, त्यात नुसते विंचू आणि जोगवे नाहीत. सरकारी कागदांचे साचे त्यांनी जसेच्या तसे घेतले आहेत: अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र. 'अर्जदस्त' एकदा मोठ्याने वाचून बघा. सुरुवात थेट दरबारी, 'बंदगी बंदेनवाज', साहेबांच्या सेवेशी वगैरे. अर्ज करणारे कोण, तर जिवाजी शेकदार आणि बुधाजी कारकून. मुक्काम परगणे शरीराबाद, किल्ले कायापुरी. तक्रार काय, तर परगण्यातली वतनदार मंडळी माजली आहेत. दंभाजी शेटे, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, क्रोधाजी नाईकवाडी. त्या काळच्या फारसीमिश्रित कारकुनी मराठीचा ठसका एका ओळीतही ढळत नाही.

हा मजकूर ऐकणारा माणूस शेकदाराकडून, देशमुखाकडून, नाईकवाड्याकडून रोज नाडला जाणारा होता. त्याला ती भाषा ओळखीची होती, तिची भीती होती. तीच भाषा देवाच्या दारात अर्ज घेऊन उभी राहिलेली ऐकताना त्याला एकाच वेळी दोन गोष्टी कळत होत्या, आपल्या आत काय चाललंय ते आणि कचेरीत काय चालतं ते. 'हे रूपक आहे' असं एकनाथांनी वर लिहिलेलं नाही. खूण त्यांनी मजकुराच्या पोटात ठेवली, नावांमध्ये. चारशे वर्षांपूर्वीच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या श्रोत्याला ती सापडत होती. आजच्या वाचकाला सापडणार नाही असं आपण कशाच्या जोरावर धरून चालतो?

खूण मजकुरात असायला हवी याला आज एक अगदी व्यावहारिक कारणही आहे. पेजचं नाव, बोधचिन्ह, वर लावलेली पाटी यातलं काहीही व्हॉट्सॲपच्या प्रवासात टिकत नाही. कुणीतरी स्क्रीनशॉट काढतं, वरची पट्टी कापतं, तिसऱ्या ग्रुपवर नुसता मजकूर पोचतो. सक्तीची पाटी सगळ्यात आधी कापली जाईल. शेवटपर्यंत राहील ते वाक्य. म्हणून लिहिणाऱ्याने दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात असं काही ठेवावं की ते काढलं तर मजकूरच कोसळेल. लेखनाची शिस्त ती हीच, आणि ती कुठल्याही नियमापेक्षा अवघड आहे.

नोकरीनिमित्त मी रोज शासन निर्णय वाचते, म्हणून त्यातलंच उदाहरण घेते. समजा कुणाला असा जीआर लिहायचा आहे: 'शासकीय कार्यालयांत साहेब जागेवर नसल्याबाबत द्यावयाच्या उत्तरात एकसूत्रता आणण्याबाबत.' विषय झाला. मग 'वाचा' या शब्दाखाली जुन्या निर्णयांचे क्रमांक आणि तारखा. मग प्रस्तावना: 'राज्यातील कार्यालयांत अभ्यागतांस साहेब मीटिंगमध्ये आहेत, साहेब साईटवर आहेत, साहेब आत्ताच निघाले अशी भिन्न उत्तरे दिली जात असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, याबाबत समान धोरण निश्चित करण्याची बाब शासनाच्या विचाराधीन होती.' मग निर्णय, त्यात अ, ब, क. 'साईटवर आहेत' हे उत्तर पावसाळ्यात देऊ नये. शेवटी प्रतींची यादी आणि तिच्या तळाशी 'निवड नस्ती'.

यात हसण्याची एकही चिन्हं नाहीत. उद्गारचिन्ह नाही, इमोजी नाही. 'बाब विचाराधीन होती' हे वाक्य ज्याने खऱ्या निर्णयात शंभरदा वाचलंय त्याला ते इथे वाचताना लख्ख दिसतं की ही भाषा माणसाला दारात ताटकळत ठेवण्यासाठीही तितक्याच शांतपणे वापरता येते. हे मी लेख लिहून सांगितलं असतं तर कुणी वाचलं नसतं. आणि हे लिहायला आधी खरा जीआर बारकाईने वाचावा लागतो. विडंबन करणारा मूळ मजकुराचा सगळ्यात सावध वाचक असतो, निदान असायला हवा. 'केशवकुमार' या नावाने अत्र्यांनी १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' काढली, त्यात केशवसुतांच्या 'आम्ही कोण?'चं विडंबन आहे. ते मूळ कवितेच्या शार्दूलविक्रीडित वृत्तातच आहे. वृत्त मोडून चेष्टा करणं सोपं होतं, ते त्यांनी केलं नाही. त्या विडंबनाने केशवसुत लहान झाले नाहीत. त्यांचा आव आणून लिहिणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली.

ऑनियनच्या एका मजकुराबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. मे २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात आयला व्हिस्टा इथे एकाने माणसं मारली, तेव्हा त्यांनी एक छोटी बातमी छापली. मथळ्याचा आशय असा: 'हे रोखण्याचा काहीच मार्ग नाही', जिथे हे सतत घडतं अशा एकमेव देशाचं म्हणणं. पुढे सामूहिक गोळीबार झाला की ते तीच बातमी पुन्हा छापत राहिले. गावाचं नाव बदलतं, मृतांचा आकडा बदलतो, बाकी शब्दही बदलत नाही. बातम्यांचा साचा, पुढाऱ्यांच्या शोकसंदेशांचा साचा, लोकांच्या विसरण्याचा साचा, सगळं त्या न बदललेल्या परिच्छेदात येतं. यात हसू येत नाही. तरी हे विडंबनच आहे आणि माझ्या मते नेटवर आजवर झालेल्या या प्रकारच्या लेखनातलं सर्वांत मोठं काम आहे. अग्रलेख पहिल्यांदा बोचतो, दहाव्यांदा बोथट होतो. हा मजकूर प्रत्येक वेळी जास्त बोचतो.

आता दुसरी बाजू, कारण विडंबनाच्या नावाखाली जे काही खपवलं जातं त्या सगळ्याची वकिली मला करायची नाही. जुलैत मुसळधार पाऊस लागला की जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने शाळांना सुट्टीची खोटी पत्रं फिरतात. त्यात खूण कुठेच नसते. तो खोटेपणा आहे, त्याला विडंबन म्हणू नये. खोटी बातमी उघडी पडू नये म्हणून लिहिलेली असते, विडंबन उघडं पडावं म्हणूनच. खऱ्या अधिकाऱ्याची सही वापरायची नाही, आणि वाचून कुणी औषध थांबवेल, घराबाहेर पडेल, पैसे भरेल असं काही लिहायचं नाही, या दोन मर्यादा मी पाळते आणि इतरांनीही पाळाव्यात असा माझा आग्रह आहे. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या माणसाला तोंड वेंगाडून दाखवण्याच्या व्हिडिओंनाही लोक स्पूफ म्हणतात. त्यात कुठल्या साच्याची, कुठल्या सत्तेची नक्कल असते? बोलणाऱ्याची लाज काढण्यापलीकडे तिथे काहीच घडत नाही.

पण या गैरवापरावर उपाय म्हणून सक्ती आणायची आणि खरं-खोटं ठरवायचा अधिकार सरकारला द्यायचा, हे मला धोक्याचं वाटतं. कोलकात्यात २०१२ मध्ये सत्यजित राय यांच्या चित्रपटातल्या संवादांवर बेतलेलं एक व्यंगचित्र पुढे पाठवलं म्हणून एका प्राध्यापकाला अटक झाली होती. त्यातून त्यांची पूर्ण सुटका व्हायला जानेवारी २०२३ उजाडावा लागला. त्याच वर्षी केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून सरकारी कारभाराबद्दलचा मजकूर खोटा की दिशाभूल करणारा हे ठरवायला सरकारचाच तपासणी कक्ष असेल अशी तरतूद केली. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतर काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. दोन न्यायमूर्तींची मतं विभागली गेली, प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद रद्द झाली. कामरांचे विनोद कुणाला आवडोत न आवडोत. शब्दशः अर्थ लावला तर प्रत्येक विडंबन 'खोटं' ठरतं, आणि ते मोजायला सरकारी फूटपट्टी नसावी, एवढं तरी सगळ्यांना पटावं.

मराठीत नेटवर विनोद उदंड आहे. चुटके आहेत, रील्स आहेत, मीम्स आहेत. पण बसून, साचा समजून घेऊन, हजार शब्द चेहरा न हलवता लिहिलेलं विडंबन फार कमी दिसतं, आणि त्याची मला मनापासून हळहळ वाटते. साचे तर पावलोपावली पडलेत. वर्तमानपत्रातली निविदा सूचना, वकिलामार्फतची जाहीर नोटीस, 'अज्ञात इसमाने' सुरू होणारी गुन्ह्याची बातमी, सोसायटीच्या फलकावरचं सेक्रेटरींचं पत्र, चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स, साप्ताहिक राशिभविष्य. आणि दर मे महिन्यात येणारी ती बातमी, की नालेसफाई अंतिम टप्प्यात असून प्रशासन पावसाळ्यासाठी सज्ज आहे. ती एकदाच नीट लिहायची आणि दरवर्षी फक्त साल बदलून पुन्हा टाकायची, शहरात पाणी भरलं की त्या दिवशीही टाकायची. नव्या लिहिणाऱ्यांपैकी कुणी हे हाती घेणार असेल तर मजकूर माझ्याकडे पाठवा. सरकारी भाषेत कुठे खोट राहिली असेल ती मी काढून देईन. रोज तीच भाषा वाचते, तेवढं नक्की जमेल.