ओझं एका इलेक्ट्रॉनचं

काळोखात डोळे फाडून बसणं हा सध्या माझा पूर्णवेळ उद्योग आहे. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक यंत्राच्या मिणमिणत्या दिव्यावर मी काळी चिकटपट्टी लावली आहे आणि सूक्ष्मदर्शकाखाली कॅडमियम सेलेनाइडचा एकच एक क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहकाचा इवलासा स्फटिककण, हुडकते आहे. अंगानं चार-पाच नॅनोमीटर, पण तोरा बघा!

लेझर पडला की त्यानं उजळावं, एवढीच माझी माफक अपेक्षा. उजळतोही. मी मोजणी सुरू करते, तो विझतो. वैतागून बंद करते, तो उजळतो. ही खोड १९९६मध्येच चव्हाट्यावर आली. पुढे २०२३मध्ये क्वांटम डॉटच्या शोधाला नोबेल मिळालं, तरी स्वारी सुधारलेली नाही.

कारण ऐकाल तर हसाल. याच्या पृष्ठभागावरच्या काही अणूंचे हात मोकळेच राहिलेले असतात. आतला एखादा इलेक्ट्रॉन भटकत तिथं जातो आणि अडकतो. त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, आत एकटाच उरतो आणि कणाच्या गाभ्यावर विद्युतभार चढतो. नंतर शोषलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडायला वीसेक नॅनोसेकंद घेते. तेवढा धीर कुणाला? हा आगंतुक होल त्याच्या कितीतरी आधी ती गट्ट करतो, आणि डॉट विझलेलाच राहतो. या प्रकाराला पिएर ओझे या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे. ओझे! मराठी माणसाला आणखी काय समजावून सांगायचं?

बरं, विझला नाही तरी सुख नाही. पृष्ठभागावरचा भार जरा इकडचा तिकडे सरकला, की साहेबांचा रंग किंचित पालटतो. झिंक सल्फाइडचं कवच घालून पाहिलं. उजेड वाढला, लुकलुक तशीच. किती वेळ विझेल म्हणावं, तर कधी मिलिसेकंद, कधी चांगला मिनिटभर. सरासरी काढायला बसले, तर जितका वेळ जास्त बघावं तितकी तीही लांबत जाते!

काल रात्री मात्र एक गुणी बाळ सापडलं. पाऊण तास अखंड तेवत होतं. मी आलेख घेऊन मॅडमकडे धावले.

"एकदाही विझला नाही?"

"एकदाही नाही, मॅडम!"

"अगं, मग तो एक नाहीच. गठ्ठा आहे तो. एक विझला तरी बाकीचे चालूच राहणार. द्रावण आणखी पातळ कर आणि परत बघ."

मी आत जाऊन चिकटपट्ट्या नीट बसल्यात का ते पाहिलं आणि दिवा मालवला.