रेडिएशननंतर बर्फ लावा म्हणे!

मावशीचं छातीचं रेडिएशन चालू आहे. परवा मावसबहिणीने फोनवर विचारलं, "बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमध्ये तयार आहेत, एका वेळी किती मिनिटं लावायच्या?" हे कुणी सांगितलं, तर अर्थातच व्हॉट्सॲपने. शोधलं तर तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन पडला होता.

मेसेज थोडक्यात असा: किरणांनी पेशी भाजतात, म्हणून सिटिंग संपल्यासंपल्या त्या जागी बर्फ लावा, दिवसभर बर्फाचं पाणी प्या, पेशी झटपट भरून येतील. कॅन्सरची पेशी ४२ अंशांना मरते, म्हणून रात्री त्याच जागी गरम पाण्याची पिशवी. ताप आला तर उत्तम, तो शरीराचा इलाज, गोळी घेऊ नका. दिवसा बर्फ आणि रात्री शेक, हे लिहिताना त्या माणसाला काहीच खटकलं नाही.

आधी बर्फ, कारण घरोघरी तोच करून पाहिला जाणार. किरणं पेशीतून जातात तेव्हा डीएनए तुटण्याचं काम क्षणाच्याही आत उरकतं. मावशी टेबलावरून उतरून चपला घालेपर्यंत जे तुटायचं ते तुटलेलं असतं. बर्फाने थांबवण्यासारखं तिथे काही उरलेलंच नसतं. उरते ती दुरुस्ती. ती एन्झाइम्स करतात आणि त्यांना ऊब लागते.

हे काही मी आज शोधलेलं नाही. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये मॉर्टिमर एल्काइंड आणि हॅरिएट सटन यांनी १९५९ मध्ये चिनी हॅमस्टरच्या पेशींवर दाखवलं की एकच मोठा डोस दोन भागांत विभागून मध्ये वेळ दिला, तर जास्त पेशी जगतात. मधल्या वेळात त्या स्वतःला दुरुस्त करतात. एल्काइंडच्या गटाने पुढे तापमान बदलूनही हे तपासलं. २४ अंशांना ठेवलेल्या पेशींत, एका दमात डोस दिल्यावर हजारातल्या पाचेक वाचत होत्या. दोन डोसांमध्ये दोन तास गेले की वीसेक. रेडिएशन एकदम न देता रोज थोडं थोडं देतात आणि दिवसातून दोनदा द्यायचं तर मध्ये निदान सहा तास सोडतात, त्यामागचं एक मोठं कारण ही दुरुस्ती.

कुणी म्हणेल, २४ अंश म्हणजे थंडच की! हो, तिथेही दुरुस्ती चालते. पण बर्फाच्या तापमानाला ती जवळपास ठप्प होते. म्हणूनच डीएनए किती तुटला हे मोजायचं असेल, तर किरणं दिलेले नमुने प्रयोगशाळेत लगेच बर्फावर ठेवतात. मेसेजवाला पेशी भरून याव्यात म्हणून जे करायला सांगतोय, ते तिथे पेशी भरून येऊ नयेत म्हणून करतात.

बर्फाचं पाणी पिऊन शरीर आपलं ३७ अंश सोडत नाही, तेवढं नशीब. पण कातडीवर पिशवी ठेवली की तिथलं तापमान खरंच उतरतं, आणि ती कातडी आधीच लाल, हुळहुळी झालेली असते. त्या जागी गरमही नको आणि बर्फही नको, असं रेडिएशन घेणाऱ्यांना सहसा सांगतातच.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. किरणं पडत असतानाच शरीर गार असेल तर फरक पडतो: शीतनिद्रेतल्या खारी जास्त रेडिएशन सोसतात. मावशी खार नाही.

गरम पिशवीच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे, म्हणून तो जास्त फसवतो. ४१-४२ अंशांच्या पुढे पेशींची दुरुस्ती खरोखर अडते, कॅन्सरच्या पेशींचीही. त्यावर हायपरथर्मिया नावाची उपचारपद्धतीही आहे. नेदरलँड्समधल्या ३५८ रुग्णांच्या चाचणीचे निकाल २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ज्या बायकांना रेडिएशनच्या जोडीला उष्णता दिली, त्यांतल्या ५१ टक्के तीन वर्षांनी हयात होत्या. नुसत्या रेडिएशनवर २७ टक्के. पण ती उष्णता विद्युतचुंबकीय लहरींनी, तापमान मोजत, खोलवर पोचवलेली होती, आणि रेडिएशन दोन्ही गटांना होतंच. रबरी पिशवीची ऊब आत पोचण्याआधीच रक्त ती वाहून नेतं. भाजते फक्त वरची कातडी, म्हणजे जी बरी व्हायला हवी तीच.

तापाबद्दल एवढंच: १०२ फॅरनहाइट ताप म्हणजे ३९ अंश सेल्सिअसही नव्हे, ४२ तर दूरच. सोबत केमो चालू असेल तर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात. अशा वेळी १००.४ ताप दिसला की सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटलला फोन करायचा, आणि गोळी घ्यायची की नाही हेही त्यांनाच विचारायचं.