बर्फाच्या खालच्या बाजूबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रावरचा बर्फ घटत चाललाय आणि त्याने तिथल्या प्राण्यांचं अन्न बिघडतंय, अशी काळजी मी मांडली होती. त्यावर तुमचे आक्षेप तीन आहेत. ध्रुवीय अस्वलं १९६०च्या दशकापेक्षा आज जास्त आहेत. बर्फ हटला की पाण्यात ऊन पोचतं, शैवाल वाढतं, म्हणजे अन्नही वाढतं. आणि प्राणी आणखी उत्तरेकडे सरकतील. म्हणून माझी काळजी तुम्हाला अतिरंजित वाटते. मला ती तशी वाटत नाही.

अस्वलं सावरली ती शिकारीला लगाम बसल्यामुळे. १९७३ साली पाच देशांनी तसा करार केला. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांसारख्या काही ठिकाणी ती आजही टिकून आहेत, हे खरंच. पण बर्फ घटण्याचा परिणाम पाहायचा तर कॅनडातल्या हडसन उपसागराचा पश्चिम किनारा पाहा. तिथे १९८०च्या दशकात सुमारे १,२०० अस्वलं होती. २०१६ मध्ये ८४२ उरली, २०२१ मध्ये ६१८. सील हा समुद्री प्राणी अस्वलाचं मुख्य अन्न, आणि तो पकडायला अस्वलाला बर्फ लागतो. बर्फ नसेल तेवढे दिवस अंगातल्या चरबीवर काढायचे, आणि ते दिवस वाढत चाललेत.

शैवालाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकूण वाढ झाली आहे, मान्य. पण कोणतं शैवाल, आणि कधी? समुद्री बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटून वाढणारं शैवाल वसंतातच, खुल्या पाण्यातल्या शैवालाच्या आधी येतं. कॅलानस नावाचे तांदळाच्या दाण्याएवढे जीव त्याच सुमारास अंडी घालतात आणि पुढे अंगात तेल साठवतात. त्या तेलावर ध्रुवीय कॉड मासा पोसतो, कॉडवर सील, सीलवर अस्वल. बर्फ लवकर गेला की ही वेळ चुकते. शिवाय दक्षिणेकडून येणारी कॅलानसची जात लहान असते, तिच्यात तेल बरंच कमी. समुद्र हिरवा दिसेल, पण खाणाऱ्याला एका घासात पूर्वीइतकी चरबी मिळणार नाही.

अलास्का आणि रशिया यांच्यामधल्या बेरिंग समुद्रात काय झालं, तेही पाहा. २०१८च्या हिवाळ्यात तिथे बर्फ फारच कमी धरला आणि तळाशी दर वर्षी टिकणारं गार पाणी जवळजवळ नाहीसं झालं. उबदार पाण्यात स्नो क्रॅब खेकड्यांची भूक वाढली, आणि अन्न पुरेना. काही वर्षांत अंदाजे एक हजार कोटी खेकडे नाहीसे झाले. २०२२ मध्ये अलास्काला त्यांची मासेमारी पहिल्यांदाच बंद करावी लागली.

उत्तरेकडे सरकण्याचं म्हणाल, तर वॉलरस या लांब सुळ्यांच्या, सीलसारख्या प्राण्याचा विचार करा. तो उथळ समुद्राच्या तळावरचे शिंपले खातो आणि मधल्या वेळी तरंगत्या बर्फावर विसावतो. उन्हाळी बर्फ आता उथळ पाण्यावरून मागे हटून खोल समुद्रावर जातो. तिथे तळ हजारो मीटर खाली, वॉलरसच्या आवाक्याबाहेर. म्हणून ते किनाऱ्यावर येतात. २०१४ मध्ये अलास्कातल्या पॉइंट ले गावाजवळ सुमारे ३५,००० वॉलरस जमले होते. अशा गर्दीत काही कारणाने पळापळ झाली की आधी पिल्लं चिरडतात.