एक चप्पल वावरात, एक पायात

मोठे बाबा वावरातून घरी आले तेव्हा एकाच पायात चप्पल होती. श्रावणातला चिखल, त्यात आमची काळी माती, चप्पल रुतून बसणं काही नवं नाही. नवं एवढंच की त्यांना ते कळलंच नव्हतं. मोठी आई ओट्यावरून म्हणाली, "अवो, दुसरी चप्पल कुठी टाकून आले?" तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. धुऱ्यावरच्या काट्याकुट्यातून एक पाय उघडा घेऊन आले होते. ते हसले, आम्हीही हसलो. हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, हे कळायला दोन वर्षं गेली.

शुगर होऊन तेव्हा त्यांना अकरा वर्षं झाली होती. गोळी रोज, चहा बिनसाखरेचा, महिन्या-दोन महिन्याला तालुक्याला जाऊन रक्त तपासणं. आमच्या मते सगळं बरोबर चाललं होतं. त्याआधी वर्षभर रात्री पायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या. घरात सगळ्यांनी ठरवलं, वात आहे. मग हळूहळू आग थांबली. "आता गुण आला," मोठी आई म्हणाली.

गुण आला नव्हता. नसा मेल्या होत्या.

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की शरीरातल्या सगळ्यात लांब नसा आधी खराब होतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. दोन्ही पायांत सारखीच, मोजे घातल्यासारखी वर चढत जाते. आधी आग, मुंग्या, टोचणं. पुढे काहीच नाही. आणि आपल्याकडे 'काहीच नाही' म्हणजे बरं झालं!

दुसऱ्या हिवाळ्यात टाचेच्या भेगांना मोठ्या आईने बिब्बा तापवून लावला. गावात सगळेच लावतात, मीही लहानपणी लावून घेतलाय, जीव जातो. तिनं विचारलं, "पोयते का?" ते म्हणाले, "काईच नाई." तिला वाटलं बिब्बा कमी पडला, तिनं अजून लावला. सकाळी टाचेला फोड, आठ दिवसांत जखम, मग वास. घरगुती इलाजात पंधरा दिवस गेले, मग दवाखाना गाठला. जखम भरायला चार महिने लागले. पाय वाचला, हे नशीब.

त्या दवाखान्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या पायांची नीट तपासणी केली. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगितले. हातात नायलॉनचा एक जाडसर तंतू होता. "लागलं की हो म्हणा, काका." तंतू अंगठ्याला टेकला, वाकला. मग करंगळीखाली, मग चवड्यावर. मोठे बाबा डोळे मिटून शांत बसलेले. मी समोर उभा राहून मोजत होतो. सात-आठ ठिकाणं झाल्यावर ते म्हणाले, "बाई, सुरू कधी करता?"

माझ्या घशात काहीतरी अडकलं.

या तपासणीला दोन मिनिटंही लागत नाहीत, यंत्र लागत नाही, रक्त काढावं लागत नाही. तरी इतक्या वर्षांत ज्या-ज्या ठिकाणी ते गेले तिथे कुणी चप्पल काढायला सांगितली नाही. रिपोर्टचा आकडा पाहायचा, गोळी कमी-जास्त करायची, पुढचा पेशंट. माझा राग आहे तो यावर. थोडा स्वतःवरही, कारण मीही दरवेळी आकडाच विचारायचो. बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांचं व्हिटॅमिन बी-१२ कमी होऊन मुंग्या वाढू शकतात, तेही तपासायला हवं, हे मला तिथेच समजलं.

बाईंनी तिथूनच डोळ्यांकडे पाठवलं. थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि आतला पडदा बघतात. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागलेल्या होत्या. आणि मोठे बाबा दिवसभर सांगत होते, "मले सबन दिसते!" खरंच दिसत होतं. या दुखण्यात नजर जाते ती शेवटी, नुकसान कधीचंच सुरू झालेलं असतं. त्यांना लेझर झालं. उरलेली नजर त्यानं टिकते, गेलेली बहुतेक परत येत नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं.

आपल्या खेड्यात अंधुक दिसणं म्हणजे मोतीबिंदू, दुसरं नावच नाही. "पिकू दे अजून" म्हणत लोक थांबतात. शेजारच्या एका काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर काही आली नाही, सगळं गाव म्हणालं डॉक्टरनं बिघडवलं. काकांना वीस वर्षांची शुगर. पडदाच गेला असेल तर भिंग बदलून काय होणार? कुणी विचारलंच नाही. माझं मत विचाराल तर गावात डोळ्यांचं शिबिर लागलं की शुगरवाल्यांची वेगळी रांग हवी, थेंब टाकून पडदा बघायलाच हवा.

"हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग," असं अजूनही पारावर ऐकू येतं. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पाहणीचे आकडे आले: देशात १० कोटींहून जास्त मधुमेही, खेड्यांतल्या मोठ्या माणसांत ८.९ टक्के. म्हणजे अकरा-बारा माणसांमागे एक. पारावर तेवढे तर रोज बसतात.

एक अडचण मात्र खरी. थेंब टाकले की काही तास सगळं धुरकट दिसतं, उन्हात डोळे उघडत नाहीत, गाडी चालवत परत येता येत नाही. म्हणजे सोबत एक माणूस आणि दोघांची दिवसाची मजुरी. म्हणून पाय, डोळे, लघवी-रक्त सगळं एकाच दिवशी उरकावं, वर्षातून एकदा. टाइप २ मध्ये, म्हणजे बहुतेक मोठ्या माणसांना होते त्या शुगरमध्ये, तर ती निघाली त्याच वर्षी पडदा दाखवायचा, कारण ती अंगात कधीपासून आहे कुणाला ठाऊक.

आता रोज संध्याकाळी मोठी आई त्यांचा पाय मांडीवर घेऊन मोबाइलच्या उजेडात बोटांच्या बेचक्या बघते. चप्पल घालण्याआधी हात घालून आत खडा तर नाही ना, तेही पाहते. बिब्ब्याची बरणी तिनं स्वतःच फेकली.

तिला स्वतःला शुगर होऊन नऊ वर्षं झालीत. डोळे एकदाही दाखवले नाहीत. या मंगळवारी चल म्हटलं तर म्हणते, "पयली वेचणी तं होऊ दे."