अबोल सहकाऱ्यांनाही विचारा
‘मितभाषी सहकाऱ्यांना उद्दिष्टं ठरवून द्यावीत, चर्चेला बोलक्यांना बसवावं’ हा टीमची उद्दिष्टं ठरवण्याबद्दलच्या तुमच्या लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. आमच्या सॉफ्टवेअर टेस्टिंग टीममधली सगळ्यात कमी बोलणारी मुलगी तिमाही बैठकीत नुसती मान डोलवायची. मग आम्ही उद्दिष्टांचा मसुदा आधीच सगळ्यांना पाठवून लेखी शेरे मागवायला लागलो. रिलीजची तारीख आणि रिग्रेशन टेस्टिंगला (नव्या बदलांमुळे आधीचं काही बिघडलं नाही ना, हे पुन्हा तपासायला) लागणारा वेळ यांचा मेळच बसत नाही, हे तिनंच लिहून दाखवलं. तासभर बोलणाऱ्यांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

आणि उद्दिष्ट वरून द्यायचंच असेल, तर निदान कारण सांगून द्या. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं उद्दिष्ट बरं की नेमून दिलेलं, यावर गॅरी लॅथम आणि मिरियम एरेझ या संशोधकांचे निष्कर्ष जुळत नव्हते. एडविन लॉक यांना मध्यस्थ घेऊन दोघांनी एकत्र प्रयोग केले, ते १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. फरकाचं मोठं कारण निघालं ते असं: एरेझ यांच्या प्रयोगांत उद्दिष्ट त्रोटकपणे सांगितलं जायचं, लॅथम यांच्या प्रयोगांत त्यामागचं कारण समजावून. ही गरज अबोल माणसालाही तेवढीच असते, आणि लेखात तिच्याबद्दल एक ओळही नाही.