परदेशातून : उपग्रह सोडला, पुढचा कधी?

१७ फेब्रुवारी २०२४ ला इस्रोच्या जीएसएलव्ही रॉकेटने इन्सॅट-३डीएस हा हवामान उपग्रह अवकाशात नेला, तेव्हा भारतातल्या मित्रांचे अभिनंदनाचे मेसेज येत होते. पावसाळा लागला आणि सूर पालटला : एवढे उपग्रह असून हवामान खात्याला पाऊस का कळत नाही?

जपानमध्ये राहताना मला हे कौतुक आणि ही टीका, दोन्ही अपुरी वाटतात. इन्सॅटसारखा भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत एकाच जागेच्या वर राहणारा, ३६ हजार किलोमीटरवर असतो. तिथे दुरुस्तीला कोणी जात नाही. जागेवर टिकून राहण्याचं इंधन संपलं की उपग्रहही संपला. म्हणजे खरा प्रश्न उड्डाणाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो.

जपानला हे ठेच लागून कळलं. १९९९ मध्ये त्यांचा एमटीसॅट हा हवामान उपग्रह उड्डाणातच नष्ट झाला. जुना उपग्रह थकत चालला, तेव्हा २००३ मध्ये अमेरिकेचा गोज-९ उपग्रह उसना घ्यावा लागला. दरवर्षी टायफून झेलणाऱ्या देशावर ही वेळ यावी! पुढे २०१४ मध्ये हिमावारी-८ हा नवा हवामान उपग्रह सोडल्यावर दोनच वर्षांत त्याचा जुळा हिमावारी-९ अवकाशात गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये काम हाती घेईपर्यंत राखीव राहिला. आपल्याकडे असं केलं तर 'कोट्यवधींचा उपग्रह पडून' अशी ओरड होईल, याची मला काळजी वाटते. राखीव उपग्रह हा अपव्यय नव्हे.

दुसरी गोष्ट वेगाची. हिमावारी जपानचं चित्र दर अडीच मिनिटांनी पाठवतो. एका चित्रात पांढरा ठिपका, पुढच्या काही चित्रांत त्याचा फुगत गेलेला गडगडाटी ढग, हे इथे घरबसल्या पाहता येतं. इन्सॅटच्या कॅमेऱ्याला पृथ्वीची पूर्ण चकती (वरून दिसणारी सगळी बाजू) टिपायला जवळपास अर्धा तास लागतो. दोन उपग्रह आलटून पालटून वापरले की पंधरा मिनिटांवर येतं. चक्रीवादळाच्या वेळी छोटा पट्टा झपाट्याने टिपायची सोयही आहे. पण भारतात वीज पडून वर्षाला दोन हजारांवर माणसं जातात आणि तो ढग तासाभरात वाढून मोकळा होतो. शेतातल्या माणसाला आडोसा गाठायला हवी असलेली पंधरा मिनिटं पुढच्या चित्राची वाट पाहण्यातच जातात.

फक्त उपग्रहाने अंदाज सुधारत नाही, रडार आणि मॉडेलही हवीत. मान्सूनचा पाऊस मुळात अवघडच. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये हवामान अंदाज सुधारण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या २००० कोटींच्या 'मिशन मौसम'ला मंजुरी मिळाली आहे, तर खासदारांनी संसदेत दोन तारखा मागाव्यात : जलद कॅमेऱ्याचा पुढचा उपग्रह कधी, आणि त्याचा राखीव जोडीदार कधी?