मसाल्यातला साला

आमच्या पाककृतींच्या ग्रुपचा मी अ‍ॅडमिन झालो, कारण निवडीच्या वेळी माझा फोन चार्जिंगला होता. पगार शून्य, मान त्याहून कमी. सकाळी गुलाबाची फुलं काढायची, 'दहा जणांना पाठवा'वाले देव हात जोडून उडवायचे आणि पोह्यांत बटाटा घालावा का, यावरून पेटलेले पानिपत विझवायचे.

अशाच एका पानिपतात कुणीतरी 'साला' लिहिलं. भाचा म्हणाला, "मामा, बॉट बसवू. वाईट शब्द दिसला की मेसेज गायब. तीनदा झालं की दिवसभर तोंड बंद." त्या रात्री मी गाढ झोपलो.

सकाळी काकूंचा फोन. अर्ध्या कॉलनीला आमटी शिकवलेल्या काकू. "काय रे, मी असभ्य बोलते म्हणे?"

त्यांनी लिहिलं होतं, 'गोडा मसाला दोन चमचे.' मेसेज उडाल्यावर खुलासा केला, 'आजवर मी कुठल्या माणसाला वाईट बोलले नाही.' माणसाला! तोही उडाला. मग बिचाऱ्यांनी विषय बदलून पावसाला दोष दिला. झालं, तोंड बंद.

१९९६ मध्ये इंग्लंडातल्या स्कनथॉर्पच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी दडलेली. त्यांचं एक गाव अडकलं, आमची अख्खी चतुर्थी विभक्ती अडकली. रसाला, फणसाला, दिवसाला... व्याकरणकार दामले-तर्खडकरांनी ही शक्यता विचारात घेतलेली नसावी.

भाच्याने दुरुस्ती केली: पूर्ण शब्द 'साला' असेल तरच पकड. आता मसाला सुटला, पण सालाही सुटला. चौकशी केली तर कळलं, त्या सॉफ्टवेअरला काना-मात्रा ही अक्षरंच वाटत नाहीत, त्यामुळे शब्द नेमका कुठे संपतो हेच त्याला समजत नाही. पोहेवाल्यांनी संध्याकाळपर्यंत या सवलतीचा भरपूर लाभ घेतला. शेवटी जुनाच नियम परत लावला.

काकूंची क्षमा मागायला गेलो. त्या काही बोलल्या नाहीत. निघताना हातात एक बरणी ठेवली, वर चिठ्ठी चिकटवलेली:

'गोडा. पुढचा शब्द अ‍ॅडमिनला विचारून लिहीन.'